आधी स्वतःचं कार्ड दाखवणारे तातोबाकाका

कुपवाडच्या कारखान्यात मी पॅकिंगच्या कामावर लागले, त्या दिवशी फाटकावरचे वॉचमन तातोबाकाका यांनी मला अडवलं आणि खिशातून स्वतःचंच आधार कार्ड काढून पुढं धरलं. "आदी माझं बगा. मी कोन ते तुमाला कळू दे. मग तुमचं दावा."

नव्या माणसाशी ते असंच वागत. मालकांचा मेव्हणा एकदा चिडला, "मला ओळखत नाही का?"

"वळखतो की. म्हनून तर कार्ड मागतोय, न्हाईतर हाकललं असतं."

काका जतकडच्या धनगर वस्तीवरचे. लहानपणी मेंढरांमागं हिंडताना गावोगाव लोक त्यांना चोर समजून अडवत. "नाव सांगितलं तरी कुनी खरं धरत न्हवतं. कार्ड आलं, लय बरं झालं," असं ते म्हणत. कुणाचंही कार्ड ते दोन्ही हातांनी घेत, वहीत नाव-पत्ता लिहीत आणि दोन्ही हातांनीच परत देत.

माझ्या कार्डावर सासरचा, खंडाळ्याकडचा पत्ता होता. मार सोसवेना म्हणून मी तिथून निघून आले होते आणि नवरा मला शोधत होता. काकांनी पत्ता वाचला, माझ्या गालावरच्या वळाकडं पाहिलं. "वही कुलपात असती, पोरी," एवढंच म्हणाले.

मग तांब्याच्या तारेची चोरी झाली. चोराला अडवताना काकांच्या डोक्याला सहा टाके पडले. मालकांनी ठरवलं, सगळ्यांची कार्डं फाटकाच्या भिंतीवर लावायची आणि मोबाइलच्या ग्रुपवरही टाकायची. माझं कार्ड फिरत फिरत नवऱ्यापर्यंत पोचलं असतं.

काकाच बोलले. "पोलीस आलं तर वही देतो, साहेब. पन भिंत समद्यास्नी वाचता येती."

"काका, तुमचा जीव गेला असता!" मालक म्हणाले.

"व्हय. चोर नाव लपवतोय, खरं हाय. पन नाव लपवनारा परत्येकजन चोर नसतोय."

"आणि पुन्हा चोरी झाली तर?"

"तर मी घरी जातो."

मालकांनी तेव्हा कार्डं लावायचं थांबवलं. दोन महिन्यांनी पुन्हा तार गेली. चोर सापडला तो आमच्यातलाच, कार्ड दाखवून कामाला लागलेला. मालकांनी काकांना राहायचा आग्रह केला. काका म्हणाले, "शब्द दिलता." निघताना मला हळूच म्हणाले, "तुझं मी कुनाला सांगितलं न्हाई. आता फाटकावर दुसरा येनार. तुझं तूच सांग."

मालक आता पुन्हा कार्डांचे कागद आणि चिकटपट्टी घेऊन बसले होते. मी पहिल्यांदाच त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं.

"साहेब, माझं कार्ड तुमच्याकडं ठेवा, पोलिसांना दाखवा. भिंतीवर लावू नका. नवरा मला शोधतोय. तो मारील."

मालकांनी सगळेच कागद खणात टाकले. "काकांनी हे मला का नाही सांगितलं?"

"ते माझं मी सांगायचं होतं, साहेब."

काकांना हे सांगायला मी फाटकाकडं धावले. खुर्ची रिकामी होती. जतची एसटी निघून गेली होती.