रिलीव्हर आल्याशिवाय

बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे आणि तो शेवटच्या स्टेजला गेलाय, हे डॉक्टरांनी आम्हा तिघांना एकदमच सांगितलं. आई रडायला लागली. मी डॉक्टरांवरच चिडले, जणू तो त्यांनीच आणून ठेवला होता. बाबांनी खिशातलं पेन काढून विचारलं, "केमोसाठी शटडाउन किती दिवसांचं धरायचं?"

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर उभा जन्म काढलेला माणूस. रिटायर झाला तरी अंगातली ड्यूटी काही उतरली नव्हती. घरी आल्या आल्या त्यांनी दोनशेपानी वही मागवली आणि पट्टीने रकाने आखले: वेळ, ताप, नाडी, खाणं, औषध, शेरा. पहिली पाळी आईची, दुसरी माझी. रात्रपाळी म्हणे मीच बघतो, नाहीतरी झोप कुठे येते!

पाळी बदलताना चार्ज द्यायचा, घेणाऱ्याने वाचून सही करायची. सही झाल्याशिवाय जागा सोडायची नाही आणि रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आलाच नाही तर डबल ड्यूटी. हा नियम मला नवा नव्हता. माझ्या साखरपुड्याला हे गृहस्थ पाहुणे जेवून उठल्यावर उगवले होते, कारण रिलीव्हरची सायकल पंक्चर झाली होती. "पेटता बॉयलर कुणाच्या जिवावर सोडून येऊ?" वर हा प्रश्न मलाच! तो राग मी जपून ठेवला होता.

आईने पहिल्याच दिवशी शेऱ्यात लिहिलं: 'खिचडी दोन घास. तोंड वाकडं केलं.' बाबांनी खाली लाल पेनाने लिहिलं, 'तोंड वाकडं हे रीडिंग नव्हे.' दुसऱ्या दिवशी आईचा शेरा: 'तोंड कालच्यापेक्षा जास्त वाकडं.'

मीही एकदा कंटाळून थर्मामीटर न लावताच आकडे भरले. लगेच पकडली गेले.

"तीन वेळा अठ्ठ्याण्णव पॉइंट चार? अगं, इतका स्थिर मी तरुणपणीही नव्हतो."

डॉक्टर तर पुढे पुढे फाइल बाजूला सारून आधी वहीच मागायला लागले. बाबांची छाती तेवढ्यापुरती फुगायची आणि मग खोकला यायचा.

चौथ्या केमोनंतर डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडत नाहीये. बाबा म्हणाले, "युनिट जुनं झालंय साहेब. आता ओव्हरहॉल नको." मी तिथेच भांडले. दोघांशीही.

चार दिवसांनी गंगापूर रोडच्या ऑफिसातून नेहमीसारखी दुपारी पोचले, तर वहीचं शेवटचं पान उघडं. 'आईची बीपीची गोळी सकाळी, ती विसरते. टाकीची मोटर वीस मिनिटांत बंद करणे. आई रागावली की कारण विचारू नये, चहा करून द्यावा.' खाली 'चार्ज दिला' आणि त्यांची सही. 'चार्ज घेतला' पुढे कोरं.

मी वही मिटून त्यांच्यापुढे ठेवली.

"मी नाही करणार सही. रिलीव्हर नाही तर डबल ड्यूटी ना? मग करा!"

ते हसले, खोकले, परत हसले. त्यानंतर रोज मी दारात दिसले की विचारायचे, "आला का रिलीव्हर?"

"सायकल पंक्चर आहे," मी सांगायचे.

असे दोन आठवडे काढले. मग घरात ऑक्सिजनचा सिलिंडर आला आणि विचारणं बंद झालं. नुसते वहीकडे बघायचे. एका दुपारी आईनेच पेन माझ्या हातात दिलं. "दमलेत गं ते," ती म्हणाली. "किती थांबवशील?"

मी सही केली. रडत, वाकडीतिकडी. शेजारी वेळ घातली, चार वाजून दहा मिनिटं. बाबांनी वही जवळ घेऊन वाचली आणि मास्क बाजूला केला.

"घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे."

मी खोडून चार केलं. त्यांनी मान हलवली.

दोन दिवसांनी सकाळी ते गेले. पाळी आईची होती. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलंय: 'तोंड वाकडं नाही.'