सासऱ्यांचं भिंग आणि नवी आवृत्ती

माझ्या नवऱ्याला फुकट मिळण्याचं कौतुक नाही, स्वातंत्र्याचं आहे. निदान तो तसं सांगतो. सात रस्त्याजवळच्या आमच्या घरातल्या कॉम्प्युटरवर त्यानं ती फुकट मिळणारी, मुक्त म्हणतात तसली ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, तेव्हा आम्हाला भाषणच ऐकावं लागलं. कुठल्या कंपनीची दादागिरी नाही, सगळं आपल्या मर्जीनं! मग पडद्याच्या नाना तऱ्हा दाखवत त्यानं वडिलांना विचारलं, "अण्णा, यातली कुठली पाहिजे?"

"पेपर कंच्यात दिसतोय, ती दे," सासरे म्हणाले.

ते कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातून रिटायर झालेले. उजव्या डोळ्यानं दिसत नाही, डाव्याचा भरवसा नाही. त्या सिस्टिममधलं भिंग मात्र त्यांना फार मानवलं. माउस नेईल तिथली अक्षरं बोटाएवढी व्हायची. रोज सकाळी ते आपल्या मंगळवेढ्याची बातमी शोधायचे आणि सापडली की मला हाक मारून वाचून दाखवायचे. माझे हात भाकरीच्या पिठात असले तरी सुटका नसायची.

एका रविवारी नवऱ्यानं कुणाला न विचारता सिस्टिमची नवी आवृत्ती टाकली. दिसायला एकदम चकाचक. भिंग तेवढं चालेना.

"आतली जुनी यंत्रणाच काढून टाकलीय सिस्टिम बनवणाऱ्यांनी," तो म्हणाला. "ही माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून यासाठी फुकट राबतात गं. जुनं कुठवर ओढतील? भिंग येणार आहे की पुढच्या आवृत्तीत."

त्याचं पटत होतं, म्हणून मला जास्तच राग आला. "अस्सं! म्हणजे मर्जी तुझी आणि डोळे अण्णांचे?"

"भांडू नगा," सासरे म्हणाले. "पुढची कवा येतीया?"

"दिवाळीपर्यंत, अण्णा."

"येऊ दे की. डोळा तवर ऱ्हायला म्हंजे झालं."

पावसापाण्याचं बोलावं तसं बोलले ते. नवरा उठला आणि जेवायचंही सोडून जुनी आवृत्ती परत बसवायला लागला. त्या दिवशी भाषण झालं नाही.

आता कॉम्प्युटर लावला की आधी एक सूचना येते, की या जुन्या आवृत्तीला यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत. सासरे ती भिंगाखाली धरून पूर्ण वाचतात.

"मला तरी कुटं मिळत्यात," म्हणतात, आणि मंगळवेढा शोधायला लागतात.