मनवाचे पेरू

नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीला लागून असलेल्या कामगार वसाहतीत प्रणिता राहते. नवरा अनीश एका कारखान्यात शिफ्टवर जातो. सासरे विष्णुपंत शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. आणि मनवा, सहा वर्षांची मुलगी. पोर दिसायला गोड, पण कुणी लाडानं तिचा हात धरला की मनगट इतकं बारीक लागायचं की धरणारा दचकून हात सोडायचा.

मनवा खात नसे. ‘अगं, आमचाही खात नाही,’ असं सगळ्याच आया म्हणतात, आणि प्रणिताला त्या वाक्याचा वीट आला होता. मनवाचं न खाणं निराळं होतं. कुकरची शिट्टी झाली, भाताचा वास सुटला की तिला उमासे यायचे. वरणाचा थेंब ओठाला लागला तर अंग ताठ करून किंचाळायची. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं की हा हट्ट नाही, आजार आहे. या मुलांना अन्नाची भीती बसते, भूक लागली तरी ती भीती हटत नाही. आधी मनवा खाकरा खायची, बिस्किटं खायची. एकेक करून तेही सुटलं. शेवटी दोनच गोष्टी राहिल्या. दूध आणि पेरू.

पेरूही साधा नव्हे. पिवळ्या पुड्यातून मिळणाऱ्या, गोठवून वाळवलेल्या फोडी. पांढऱ्या, थर्मोकोलसारख्या हलक्या, दाताखाली कुर्र वाजून विरघळणाऱ्या. का कोण जाणे, पण त्या फोडी मनवा निर्धास्त खायची. ते बघताना प्रणिताला स्वतःचं पोट भरल्यासारखं वाटायचं.

दिवाळी उलटली आणि एक दिवस दुकानदार म्हणाला, “ताई, ती कंपनी बंद पडली. आता माल नाही यायचा.”

प्रणितानं अख्खं नगर पालथं घातलं. अनीशनं पुण्यातली दुकानं धुंडाळली. धूळ खात पडलेले थोडे पुडे मिळाले, तेवढेच. दुसऱ्या कंपनीचे मागवले, तर त्यांना साखर लावलेली. मनवानं एक फोड तोंडात घातली, थुंकली, आणि मग आपल्या नेहमीच्या पिवळ्या पुड्यालाही दोन दिवस हात लावला नाही. तिचा भरवसाच उडाला.

डॉक्टरीणबाईंनी वजन केलं आणि चष्मा काढून ठेवला. “असंच उतरत गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल, प्रणिता.”

नळी! मनवा चार वर्षांची असताना एकदा घातली होती. तिघांनी धरून ठेवलं होतं पोरीला. घरी आल्यावर कितीतरी दिवस ती आईकडे पाठ करून झोपायची. रिक्षातून घरी येताना तिनं ठरवलं, फोडी आपणच करायच्या.

तिनं राहात्याचे पेरू आणले, बिया काढून चिरले आणि गच्चीवर उन्हात घातले. ते वातड आणि तपकिरी झाले. ओव्हनमध्ये ठेवले, ते करपले. मनवानं दुरूनच तोंड फिरवलं.

विष्णुपंत हे सगळं बघत होते. एका सकाळी पूजा आटोपून ते कापराची डबी हातात घेऊनच स्वयंपाकघरात आले.

“प्रणिता, हा कापूर उघडा राहिला तर काय होतं?”

“उडून जातो. बाबा, आत्ता कोडी नकोत.”

“उडून जातो, पण ओला होतो का? पाझरतो का? नाही. बर्फाचंही तसंच करता येतं. पेरू कडक गोठवायचा आणि भोवतालची हवा खेचून घ्यायची. मग आतला बर्फ वितळत नाही, तसाच वाफ होऊन जातो. फोड जिथल्या तिथे राहते, आतून पोकळ. ऊन लावलंस की ती आक्रसते, म्हणून वातड होते.”

प्रणितानं हातातली सुरी खाली ठेवली. “हवा कशानं खेचायची?”

वसाहतीच्या तोंडाशी भीमाचं फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान होतं. भीमा मूळचा काष्टी गावचा. एसीत गॅस भरण्याआधी आतली हवा काढायचा पंप त्याच्याकडे होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

“वैनी, पंप देतो की. जाड पत्र्याचं भांडं करून देतो, वर काचेसारखं झाकान, मधी रबराची रिंग. पन फळं वाळवायचं काम म्या कधी केलं न्हाई. जमंल का न्हाई, ठावं न्हाई.”

“मलाही ठाऊक नाही, भीमाभाऊ,” प्रणिता म्हणाली. “पण दुसरं काही सुचत नाही.”

पहिल्या वेळी फोडी नीट गोठल्याच नव्हत्या. पंप सुरू होताच त्यांना फेस आला आणि भांड्याच्या तळाशी चिकट लगदा उरला. दुसऱ्या वेळी पंपच धापा टाकू लागला. भीमानं तेल काढून बघितलं तर ते पार दुधाळ झालेलं.

“ह्यात पानी गेलंय. असं चाललं तर पंप मरंल, वैनी.”

विष्णुपंतांनी तोडगा काढला. भांडं आणि पंप यांच्या मध्ये आणखी एक डबा जोडायचा आणि तो कोरड्या बर्फात पुरून ठेवायचा, म्हणजे वाफ तिथेच गोठेल, पंपापर्यंत पोचणार नाही. आइस्क्रीमच्या गाड्यांना लागतो तो कोरडा बर्फ अनीश शिफ्ट सुटल्यावर घेऊन आला. तिसऱ्या वेळी सगळं सुरळीत चाललं होतं. भर दुपारी वीज गेली. ती येईपर्यंत फोडी वितळून गळाल्या होत्या. प्रणिता त्या पाण्याकडे बघत ओट्याला टेकून उभी राहिली. अनीशनं खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकून टाकला.

इकडे पिवळे पुडे संपत आले होते. प्रणिता फोडी मोजून देऊ लागली. मनवा आणखी मागायची नाही, रिकामा पुडा नाकाशी धरून बसायची. मग तोही दिवस आला. पुडे संपले. पोर नुसत्या दुधावर राहिली आणि दुपारी झोपली की उठेनाशी झाली.

चौथ्या वेळी जमलं. झाकण उघडलं तर आत पांढऱ्याशुभ्र फोडी. विष्णुपंतांनी एक दाताखाली धरली. कुर्र! म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. प्रणितानं धावत जाऊन जपून ठेवलेल्या पिवळ्या पुड्यात फोडी भरल्या आणि तो मनवाच्या हातात दिला.

मनवानं पुडा बघितला आणि तिचा चेहरा उजळला. तिनं फोड काढली, हुंगली. चेहरा विझला. फोड खाली पडली, मागून पुडाही.

“खा गं राणी, तेच आहेत.”

मनवानं मान हलवली.

“एकच. आईसाठी एकच.”

मनवानं ओठ आत ओढून घेतले. प्रणिताच्या आत काहीतरी तुटलं. तिनं एका हातानं मुलीचे गाल दाबले आणि दुसऱ्या हातानं फोड तोंडात कोंबली. “खा! मरशील ना गं, खा!” तिचा तो आवाज तिला स्वतःलाही ओळखू आला नाही. मनवाला उलटी झाली. सकाळचं दूधसुद्धा पडलं. मग ती रडलीही नाही, भिंतीकडे सरकून नुसती बघत राहिली.

संध्याकाळी प्रणितानं दुधाचा पेला पुढे केला, तर मनवानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सकाळी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. नळी घातली. या वेळी धरून ठेवायला तिघं लागले नाहीत. मनवात तेवढी ताकदच राहिली नव्हती.

घरी आल्यावर प्रणितानं अनीशला सांगितलं, “ते भांडं, तो पंप, सगळं उचलून भीमाला देऊन ये. मला नजरेसमोर नको.”

“थांब,” विष्णुपंत म्हणाले. “पोरीनं फोड का टाकली ते मी शोधून काढलंय. रबराचा वास येत होता, आणि थोडा तेलाचा. तुलामला नाही कळला, तिला कळला.”

“बाबा, मी तिच्या तोंडात कोंबलं. आता ती माझ्या हातचं विषासमान मानेल.”

“मग तू नको देऊस. पण करणं सोडू नकोस.”

त्यांनी रबराची रिंग सोड्याच्या पाण्यात उकळली आणि गच्चीवर वाऱ्याला टांगली. भीमानं पंपाच्या तोंडाशी कॉक बसवून दिला. पंप थांबवण्याआधी तो बंद केला की तेलाची वाफ मागे फिरत नसे. पुन्हा फोडी निघाल्या. कुणीच मनवाला बोलावलं नाही. विष्णुपंत ताट घेऊन ओसरीत बसले आणि एकेक फोड मोडून बघू लागले. नाकाला नळी चिकटवलेली मनवा दाराआडून बघत होती. हळूहळू ती जवळ आली. आजोबांसारखी तिनंही एक फोड मोडली, हुंगली, मग दुसरी मोडली. तिसरीचा तुकडा तिनं जिभेवर ठेवला.

प्रणिता आतून बघत होती. पदराचा बोळा तिनं तोंडात धरला होता.

पौष आणि माघ असेतो घरात रोज पंप घरघरत होता. पेरूचा हंगाम संपण्याआधी पुढच्या महिन्यांची बेगमी करायची होती. काचेच्या बरण्या, घट्ट झाकणं, आत ओल शोषणाऱ्या पुड्या. आषाढात एका बरणीचं झाकण सैल राहिलं आणि आतल्या साऱ्या फोडी मऊ पडल्या. मनवानं एक चाखली आणि लगेच मागे सरली. त्या दिवशी प्रणितानं एकेक झाकण आवळून बघितलं, आवळता आवळता तिचे तळहात सोलवटले.

नळी श्रावणात निघाली. नातेवाईक म्हणतात, चला, बरी झाली पोर. पण मनवा अजून दूध आणि पेरूच खाते, आणि तेही आईच्या हातून घेत नाही. प्रणिता फोडींची वाटी चौरंगावर ठेवते आणि खोलीतून बाहेर जाते. मग मनवा जेवायला बसते.

परवा भीमा पंपाचं तेल बदलायला आला होता. प्रणितानं विचारलं, “भाऊ, हा किती दिवस टिकेल?”

“आता काय सांगावं, वैनी. जुना हाय. आज चालतोय, उद्या बसंल बी.”

टोपलीत नवे पेरू होते. प्रणिता खाली बसली आणि त्यांतल्या बिया काढू लागली.