एक नंबर ब्रेक

"त्याचं कसं हाय, वैनी," अशीच शोरूममधल्या त्या सर्व्हिसवाल्याची सुरुवात असायची. तक्रार ऐकताना तो खिशातल्या रुमालाने गाडीचं बॉनेट पुसत राहायचा. बघणाऱ्याला वाटावं, गाडीची इतकी काळजी घेणारा माणूस कोल्हापुरात दुसरा नसेल.

ब्रेकच्या पाइपात दोष निघाला म्हणून कंपनीने आमच्या मॉडेलच्या गाड्या परत बोलावल्या होत्या. बदलून दिलेले पाइपही सदोष निघाले, म्हणून पुन्हा बोलावल्या. काम फुकट करून द्यायचं होतं, त्यामुळेच असेल, दुसऱ्या खेपेला आमची गाडी नुसती धुऊन परत आली. पेडल पहिल्यासारखंच तळाला जात होतं. मी गाडी तशीच पुन्हा नेली. संध्याकाळी आणायला गेले.

"या वेळी पाइप बदलला का?"

"बदललाय की. बिनघोर फिरा. ब्रेक एक नंबर हाय."

तेवढ्यात लेकीला कडेवर घेऊन त्याची बायको आली. डॉक्टरकडून परत कसबा बावड्याला निघाली होती. माझाही रस्ता तोच. मी मागचं दार उघडलं. "बसा, सोडते."

ती बसायला वाकली आणि बॉनेटवर फिरणारा त्याचा रुमाल थांबला.

"नको वैनी, रिक्षानं जातील त्या," म्हणत त्याने लेकीला घाईने स्वतःकडे ओढून घेतलं.

"का? ब्रेक एक नंबर आहे ना?"

"त्याचं कसं हाय..."

मी किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली आणि गाडीसमोर खुर्ची ओढून बसले.

"पाइप माझ्यादेखत बदला. मग या दोघींना मीच घरी सोडते."