बाहेरचं कोण आहे?

आमच्या इंदिरानगरच्या ऑफिसात लिफ्टचे जुने आराखडे आपोआप नव्या साच्यात बदलणारे नियम आम्ही लिहितो. माझ्या शेजारी बसणारे निपाणीचे गृहस्थ कुठलाही नियम तपासताना आधी विचारतात, "ह्यात बाहेरचं कोण आहे?" आपला आराखडा बदलताना त्याला दुसऱ्या टीमच्या फाइलमधल्या भागाशी जोडणारा धागा तुटू नये, एवढीच त्यांची काळजी. मध्यंतरी आमच्या जागा दोन खुर्च्या सरकल्या, तर चहावाल्या अण्णांना आणि कुंड्यांना पाणी घालणाऱ्या अक्कांना ते स्वतः जाऊन सांगून आले. मी तेव्हा फार हसलो होतो.

मग ग्राहकांना काम दाखवायचा दिवस आला. बाहेरचा धागा जुळला नाही की पडद्यावर लाल इशारा येतो, आणि साहेबांना त्या दिवशी असा एकही इशारा नको होता. म्हणून मी एक नियम लिहिला: बाहेर जाणारा धागा दिसला की गुपचूप गाळायचा. पडदा लख्ख झाला. साहेब परिवर्तनाच्या युगावर दहा मिनिटं बोलले.

"दार लागलंय का हे बघणारा भाग कुठाय?" शेजाऱ्यांनी मध्येच विचारलं. "तो दुसऱ्या टीमच्या फाइलमध्ये असतोय की सर. त्याचा धागाच गेलाय. ही लिफ्ट दार उघडं ठेवून वर जाईल."

ग्राहकांनी चहाचे कप खाली ठेवले.

"हा नियम कुणी लिहिला?" साहेबांनी विचारलं.

माझे कान तापले. माझ्याकडे न बघता शेजारी म्हणाले, "आम्हीच की सर. बाहेरचं कोणी नाही."