दुरुस्त केलेली पुंगी

माझं सोल्डरिंग चांगलं आहे, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. मानपाड्याच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं स्टॅबिलायझरच्या प्लेटी डागल्या, आणि टेस्टिंगवरून माझी प्लेट परत आली असं क्वचितच झालं. शेजारच्या बाईचं काम ओबडधोबड दिसलं की मला राहवायचं नाही, मी ते तिच्या हातातून घेऊन पुन्हा करायचे. बायका माझ्या नावाने खडे फोडायच्या. बरोबरच होतं त्यांचं.

टेस्टिंगला एक दादा होते. ठाण्याला माजिवड्याच्या पलीकडे खाडीकाठी त्यांचं गाव, घरचे कोळी. होडी भावकीवर सोडून हे आयटीआय करून कारखान्यात आलेले. नव्वदच्या आसपास एका दुपारी डबा खाताना त्यांनी मला विचारलं, की तू पेटी वाजवतेस ना, मग सिंथेसायझर घेशील का? त्यांचा धाकटा भाऊ गावच्या बेंजो पार्टीत वाजवायचा. हळदीला त्यावर गारुड्याच्या पुंगीचा आवाज काढून धडधाकट माणसांना मांडवात नाग होऊन लोळायला लावायचं, ही त्याची खासियत. तो वर्षापूर्वी काविळीने गेला होता. वाद्य घरात पडून होतं आणि घ्यायला कुणी तयार नव्हतं. बाजारात नवे कीबोर्ड आले होते, त्यांत शंभर आवाज तयार भरून येत आणि बटण दाबलं की तबलाही आपोआप वाजे. जुन्या धुडाला कोण विचारणार? माझ्यासारखी हौशी आणि खिशाने बेताची बाईच विचारणार.

रविवारी वडिलांना घेऊन मी त्यांच्या गावी गेले. ओटीवर दादांची आई सुकी करंदी निवडत बसली होती. वाद्य तिने आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलं होतं. तिने मला आधी विचारलं, की तू हे मोडून त्यातलं सामान विकणार नाहीस ना? मग अट घातली. पितृपक्षात पोराच्या तिथीला घरी पान वाढून झालं, कावळा शिवला, की दुपारी ती माझ्याकडे येणार, आणि मी तिला त्याची पुंगी ऐकवायची. बाकी वर्षभर मी काय वाटेल ते वाजवावं. दादा ओशाळून म्हणाले, आई, जाऊ दे. मी मात्र लगेच हो म्हटलं. वस्तू हवी असली की माणूस कशालाही हो म्हणतो.

वडील आमच्या विहाराच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे, मला पेटी त्यांनीच शिकवली. श्राद्ध-पक्ष आमच्या घरातून आजोबांच्या काळातच गेलं होतं. डोंबिवलीला घरी पोचल्यावर ते म्हणाले, की आपल्यात हे चालत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, आपण कुणाला जेवायला घालणार नाही, नुसता आवाज ऐकवायचा आहे. बरं, म्हणाले, पण त्या दिवशी चहा मी करणार नाही.

ते वाद्य एका वेळी एकच सूर वाजवी. वर चोवीस नॉब, आणि आठवण म्हणून कसली ती नाही. आज जुळवलेला आवाज उद्या पुन्हा हवा असेल तर कुठला नॉब कुठे होता हे आपणच लक्षात ठेवायचं. चालू केल्यावर अर्धा तास तापू द्यायचं, नाहीतर सूर हळूहळू सरकत राहायचा. वडील म्हणायचे, यापेक्षा माझी पेटी शहाणी, भाता हलवला की गाते. पण मला वेडच लागलं. पहिल्या पाळीहून साडेतीनला घरी यायचं, हातपाय धुवायचे आणि वाद्याला जाऊन बसायचं. एक नॉब आवाजाचं तोंड उघडायचा आणि मिटायचा. एकाने सुरावरून सुरावर घसरता यायचं. मी त्यातून गिरणीचा भोंगा काढला, बेडूक काढले, कुकरची शिट्टी काढली तेव्हा आई खरोखर गॅस बंद करायला धावली. कुठलाच आवाज कुणी आत भरून ठेवलेला नव्हता, सगळे माझ्या बोटांतून निघत होते. दिवसभर दुसऱ्याच्या नकाशाप्रमाणे प्लेटी डागणाऱ्या माणसाला हे सुख काय असतं, ते तोच जाणे.

पुंगीसाठी मात्र शोधाशोध करावी लागत नव्हती. त्या मुलाने प्रत्येक नॉबच्या कडेला नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले होते. सगळे नॉब ठिपक्यांवर आणले की त्याची पुंगी. मी ती पहिल्यांदा वाजवली तेव्हा घरी एकटीच होते, आणि वाजवून झाल्यावर मागे वळून बघितलं. खालच्या सुरावरून वर जाताना आवाज आपल्या जागेच्या थोडा पुढे निघून जायचा, तिथे थरथरायचा, मग परत येऊन जागेवर बसायचा. पट्टीवरून बोट उचललं तरी एक बारीक शीळ मागे राहायची, आणि ती कधी थांबली ते कळायचं नाही. ती शीळ असेपर्यंत खोलीत आणखी कुणीतरी बसलंय असं वाटायचं. मला भीती वाटायची. तरी रोज दुपारी एकदा तरी मी सगळे नॉब ठिपक्यांवर आणायचेच. न पाहिलेल्या त्या मुलाची मला सवय झाली. काही दिवसांनी मी त्याच्याशी बोलायलाही लागले, म्हणजे मनातल्या मनात, आज लाइनवर काय झालं वगैरे.

पहिल्या वर्षी ती तिथीला आली. एसटीने कल्याण, तिथून रिक्षा. अंबाड्यात फूल नव्हतं, पण लुगडं नवं होतं. वडिलांनी तिला आपली खुर्ची दिली आणि कुणी न सांगता चहा टाकला. मी वाजवलं. ती डोळे मिटून ऐकत होती, आणि सूर पुढे जाऊन परत आला तेव्हा हसली.

"असाच करायचा. हाक मारली का पयले पुढं पलायचा, मंग मागारी यायचा."

शीळ विरेपर्यंत ती हलली नाही. मग पदराने तोंड पुसलं, चहा घेतला, आईशी बोंबलांच्या भावाचं बोलली आणि गेली. वडील म्हणाले, बाई समाधानाने गेली, यात आपलं काही बाटलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात वाद्य बिघडायला लागलं. ओल धरली की मध्येच मुकं व्हायचं, एखादी पट्टी दोनदा बोलायची. तिथी जवळ येत होती. ती एवढ्या लांबून येणार आणि त्या दिवशी हे बोललंच नाही तर, या विचाराने माझी झोप उडाली. आणि खरं सांगायचं तर हात शिवशिवत होते. एका रविवारी मी ते उघडलं. आत दोन कंडेन्सर फुगून गळत होते. पट्ट्यांखालचे संपर्क काळे पडले होते. कुणीतरी केव्हातरी घाईत डागलेले सांधे बघून मला शहारे आले. मी कंडेन्सर बदलले, संपर्क स्पिरिटने पुसले, ते सगळे सांधे वितळवून नव्याने डागले. मग वडील पेटीवर सा धरून बसले आणि मी आतले स्क्रू फिरवत एकेक सूर त्यांच्या ‘सा’शी मिळवला. संध्याकाळपर्यंत वाद्य असं वाजायला लागलं, की सूर जिथे टाकावा तिथेच पडावा.

पुंगी लावली तर थरथर नव्हती, शीळही नव्हती. माझ्या ते लक्षात आलं नाही असं नाही. आलं, आणि मला बरं वाटलं. दोष गेला. मला वाटलं, तिलाही आनंद होईल, पोराचं वाद्य एवढं सुरात आलेलं ऐकून. जुने कंडेन्सर चहाच्या चोथ्याबरोबर कचऱ्यात गेले.

तिथीला तिने ऐकलं. पुन्हा वाजव म्हणाली. मी वाजवलं. तिसऱ्यांदा वाजव म्हणाली, आणि तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत, माझ्या बोटांकडे बघत राहिली.

"यो माजा पोऱ्या नाय गो," ती म्हणाली.

मी घाईघाईने समजावायला लागले. कंडेन्सर गळत होता, म्हणून सूर पुढे जायचा, ती शीळ म्हणजे बिघाड होता, मी तो काढला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे तू त्याला बरा केलास."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तेच मला सहन झालं नाही. वडील उठून गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे कचऱ्याची गाडी येण्याआधी मी खाली कचराकुंडीपाशी जाऊन आले, जणू महिन्यापूर्वीचा कचरा माझ्यासाठी थांबला असता. पुढची कित्येक वर्षं मी ते वाद्य बिघडवण्यात घालवली. कल्याणच्या भंगारवाल्यांकडून जुन्या रेडिओंतले कंडेन्सर आणले, जेवढे खराब मिळतील तेवढे. भंगारवाला चांगला माल पुढे करायचा आणि मी तो परत द्यायचे. त्याला वाटायचं माझं डोकं फिरलंय. एकदा प्लेट भाताच्या वाफेवर धरली. माझे स्वच्छ सांधे मी मुद्दाम ओबडधोबड केले, आणि हाताला ते जमत नव्हतं. सूर थरथरायला लागला, पण भलत्याच ठिकाणी. शीळ आली, पण कुठल्याही रेडिओत येते तशी. त्या मुलाची थरथर कशी होती ते माझ्या कानात अजून पक्कं होतं, म्हणून तर प्रत्येक वेळी कळायचं, की ही ती नव्हे.

दादांकडे भावाचा आवाज कुठे टेप केलेला आहे का, हेही विचारलं. हळदीच्या व्हिडिओ कॅसेटी होत्या. मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे बसून तीन कॅसेटी बघितल्या. मांडवात तो दिसतो, सडसडीत, ओठ आवळून वाजवणारा, आणि लोक त्याच्यापुढे लोळतायत. पण व्हिडिओवाल्याने सगळीकडे वरून सिनेमाची गाणी टाकली होती. त्याची बोटं एक वाजवतायत आणि ऐकू येतंय भलतंच. दादा बाहेर जाऊन उभे राहिले. मी तिन्ही कॅसेटी शेवटपर्यंत बघितल्या.

ती दरवर्षी येत राहिली. मी नवी काहीतरी खटपट केलेली असायची. ती ऐकायची, मान हलवायची आणि म्हणायची, "नाय गो. यो नाय." मग चहा. कधी रागावली नाही. एकदा तर जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. ती गेल्यावर मी अर्धा-अर्धा तास वाद्यापाशी नुसती बसून राहायचे. एक माणूस मरून गेलेला, त्याचं जे एवढंसं मागे राहिलं होतं ते मी स्पिरिटने पुसून काढलं, हे मला कुणी बोललं नाही, पण मी विसरले नाही. दुपारी एकटीने त्याच्याशी बोलणंही बंद झालं. खोलीत कुणीच नसायचं.

शेवटी मी थकले. एका वर्षी सगळं भंगार काढून टाकलं, चांगले कंडेन्सर परत लावले, वडिलांना पुन्हा सा धरायला लावला. वाद्य दुरुस्तीच्या दिवशी होतं तसंच झालं. त्या तिथीला ती नाय म्हणाली. पुढच्या वर्षापर्यंत मी आत हातही घातला नाही.

त्या वर्षी दादा तिला घेऊन आले. म्हणाले, आता हिला एकटीला पाठवत नाही, मागच्या महिन्यात कल्याणला जायचं तर भिवंडीलाच उतरून बसली होती. ती खुर्चीत बसली. वडिलांना तिने आपण कोण म्हणून विचारलं. मी नॉब ठिपक्यांवर आणले आणि पुंगी वाजवली, तीच गुळगुळीत, सरळ. खालून वर गेली आणि आपल्या जागेवर थांबली.

तिने डोळे मिटले होते. चेहरा मोकळा झाला, पहिल्या वर्षी झाला होता तसा.

"आला," ती म्हणाली. "योच."

दादांचे डोळे भरून आले. त्यांनी मला विचारलं, "जमलं तुला शेवटी? काय केलंस?" मी म्हटलं, हो दादा, जमलं. एक जुना कंडेन्सर मिळाला. वडील माझ्याकडे बघत होते. सा त्यांनीच धरला होता, त्यांना ठाऊक होतं. ते उठून चहा टाकायला गेले. मी पुन्हा वाजवलं, ती म्हणेल तितक्या वेळा वाजवलं, आणि ती दरवेळी योच म्हणाली. इतकी वर्षं मी त्याच शब्दासाठी झुरत होते. पण ती नाय म्हणत होती तोवर तिच्या कानात तरी तिचा मुलगा होता. आता तिथूनही गेला.

पुढच्या पितृपक्षात ती आली नाही. त्याची थरथर कशी होती हे माहीत असलेली आता मी एकटीच आहे, त्याला कधी न भेटलेली. तिथीच्या दुपारी मी वाद्य तापवते, नॉब ठिपक्यांवर आणते, खालून वर जाते, आणि मोठ्याने म्हणते, यो नाय.