काटा पडणारी गाडी

आमच्या अप्पांना चालणाऱ्या यंत्रापेक्षा थांबलेल्या यंत्राचं कौतुक जास्त होतं. ते भवानी पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग चालू करणारा माणूस, असं लोक समजत. अप्पांच्या मते जॉबरचं खरं काम माग वेळेवर थांबतो की नाही ते बघायचं.

मागावर एक लोखंडी काटा असतो. धागा तुटला की तो काटा पडतो आणि माग जागच्या जागी थांबतो. विणकर धागा जोडतो, काटा उचलतो आणि माग परत सुरू होतो. पण विणकरांना जेवढं कापड निघेल तेवढी मजुरी मिळे, त्यामुळे त्यांचा या काट्यावर राग असायचा. ते सुताच्या तुकड्यानं काटा वरच्या वर बांधून टाकत. माग मग धडधडत राही, चादरीवर रेघ उमटे आणि मालक अप्पांना बोलावून घेई. म्हणून अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक छोटी कात्री असायची. दिवसभर ते या मागावरून त्या मागावर जाऊन त्या गाठी कापत फिरत. रात्री जेवताना आज कुणी कुणी काटा बांधला होता ते आम्हाला ऐकावं लागे. इतर मुलांचे वडील राक्षसांच्या गोष्टी सांगत.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि रेशनच्या लाल ज्वारीची चव अजून घरात कुणी विसरलं नव्हतं. त्या वर्षी संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत एका दुकानात पत्र्याची लाल मोटार होती. आत बसून पायानं चालवायची, पुढे गोल स्टेअरिंग, खाली रबरी चाकं. मी आणि माझा थोरला भाऊ, म्हणजे अण्णा, तिच्यासमोरून हलेनाच. अप्पांनी किंमत विचारली, ती ऐकून दुकानदाराकडे दयेनं बघितलं आणि सरळ जमिनीवर उताणे पडून मोटारीच्या खाली डोकं घातलं. जत्रेतली माणसं त्यांचे पाय ओलांडून जात होती. बाहेर आले ते धोतर झटकत म्हणाले, "ह्याला ब्रेकच न्हाय की. असलं काय घ्यायचं? ह्याच्यापरीस चांगली मी घरी करतो."

अव्वा, म्हणजे आमची आई, अक्कलकोटकडची. तिला राग आला की ती कानडीत बोले आणि फार राग आला की बोलतच नसे. त्या दिवशी घरापर्यंत ती काही बोलली नाही.

संक्रांतीला सुरू झालेली गाडी दसऱ्याला बाहेर पडली. कारखान्यात एक माग मोडीत निघाला होता, त्याचं सामान मालकानं अप्पांना असंच नेऊ दिलं. स्वस्तात काम होणार म्हणून अप्पा खुशीत होते. खरोखरच स्वस्तात झालं, फक्त वेळ धरला नाही तर. मागाचं लाकूड, मागाचं लोखंड आणि चार भलीमोठी बेरिंगं यांची ती गाडी होती. एकट्या माणसाला ती उचलायची नाही. गल्लीतली पोरं एक फळी, तीन बेरिंगं आणि एक दोरी एवढ्यावर अर्ध्या दिवसात गाडी करत. अप्पा त्यांच्या गाडीकडे बघून मान फिरवत. "ते वाहन न्हाय," म्हणत, "ते पळणारं लाकूड हाय."

आमच्या गाडीला मात्र काटा होता. सीटखाली एक स्प्रिंग आणि तिला जोडलेला लोखंडी काटा. बसणारा सीटवरून जरा उचलला गेला, म्हणजे पडायला लागला, की काटा पडणार, लाकडी ठोकळा मागच्या चाकाला भिडणार आणि गाडी थांबणार. परत चालू करायची तर उतरायचं, मागं जायचं, काटा उचलून खाचेत बसवायचा आणि परत चढायचं. "गाडी चालवायला काय, कुणालाबी येतंय," अप्पा आम्हाला सांगत. "गाडीला सोताला कळलं पायजे, कुटं थांबायचं ते." वेगळा ब्रेक त्यांनी ठेवला नाही. काटा असताना ब्रेक कशाला, असा त्यांचा सवाल होता.

गाडी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पुरी झाली. नवमीला मागांबरोबर तिचीही पूजा झाली. पूजेच्या दिवशी यंत्र चालवायचं नसतं, म्हणून आम्ही तो दिवस तिच्याभोवती बसून काढला. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर तिला झेंडूची माळ घातली, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि अण्णाला बसवलं. आमचं घर उताराच्या तोंडाशीच होतं. गल्लीच्या टोकापासून पिठाच्या गिरणीपर्यंत तो डांबरी उतार जाई आणि पेठेतली सगळी पोरं तिथंच खरखर करत फळीवरून घसरत. ती पोरं, त्यांचे आईबाप, शेजारचे तेलुगू विणकर, सगळे बघायला जमले होते. अप्पांनी जोर लावून गाडी ढकलली. चाक लिंबावर चढलं, अण्णा सीटवरून उडाला, काटा पडला आणि गाडी थांबली.

लोक वाकून लिंबाकडे बघू लागले. अप्पा मात्र हरखून गेले. "बघितलंत का? लिंबावर बी थांबतीया."

पुढे कळलं की ती खड्यावर थांबते, डांबराच्या भेगेवर थांबते आणि अण्णाला शिंक आली तरी थांबते. उताराच्या पहिल्या चार पावलांत तिनं अण्णाला इतक्यांदा खाली उतरवलं की त्यापेक्षा चालत जाणं बरं होतं. पोरांनी आरोळी शोधली, "काटा पडला!" ती इतकी रुजली की कुणाची चप्पल तुटली, पतंग कटला, मास्तरांना पाढा आठवेना, तरी गल्लीत काटा पडू लागला. विणकर तर ती आरोळी ऐकून पोट धरून हसत. वर्षानुवर्षं त्यांच्या गाठी कापणाऱ्याच्या दारात हे चाललं होतं, त्यांना यापेक्षा मोठा सण कुठला?

अप्पांचा विश्वास ढळला नाही. रोज संध्याकाळी ते स्प्रिंग काढून बघत आणि परत बसवत. "रस्ता वाईट हाय," हे त्यांचं अनुमान. अव्वा म्हणे, "गाडी लई शहाणी हाय. जागची हलतच न्हाय."

अण्णानं आठवड्याभरात गाडीला रामराम ठोकला आणि तो फळीवाल्यांना जाऊन मिळाला. त्याला जाता आलं. मला फळीवर कुणी बसू देत नसे. मुलींनी मागून ढकलायचं आणि फळी खाली गेली की तिच्यामागून पळत जाऊन ती वर ओढून आणायची, असा कायदा होता आणि तो करणारे सगळे फळीवर बसत. मी इतका उतार चढले होते की त्यातली भेग न् भेग मला पाठ होती. मला एकदाच, फक्त एकदा, वरून खालपर्यंत न थांबता जायचं होतं. तोंडावर वारा घेत. आणि त्यासाठी माझ्याजवळ जगात एकच गाडी होती, जी वाऱ्याच्या विरोधात बांधलेली होती.

दिवाळीनंतरच्या एका सुट्टीच्या दिवशी मी ती एकटीनं ओढत उतारावर नेली. बसले, पायानं रेटा दिला, काटा पडला. उतरले, काटा बसवला, परत बसले, परत पडला. पोरं फळ्या सोडून ओळीनं बसली आणि तालात ओरडू लागली. त्यात अण्णाही होता. मी रडले. चांगली भोकाड पसरून रडले, लपवायला काही जागाच नव्हती.

अव्वा उंबऱ्यात रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. ती उठली. बोटाला गुंडाळलेलं सूत तसंच घेऊन आली, गाडीच्या मागं बसली, काटा वर धरला, सुताचे दोन वेढे घेतले आणि एका हातानं गाठ मारली. तिचे वडील, भाऊ सगळे विणकर होते. ती गाठ कुठून आली होती ते विचारायची गरज नव्हती.

"साकु," ती म्हणाली. म्हणजे पुरे झालं.

तेवढ्यात अप्पा आले. आरोळ्या ऐकून घरातून बाहेर आले होते, हातात स्प्रिंग पिळायचा पान्हा तसाच होता. अप्पांना काही सांगावं लागलं नाही. ते गाडीच्या मागं उकिडवे बसले आणि काट्यावरून बोट फिरवलं. बोट गाठीवर थांबलं. त्यांनी अव्वाकडे बघितलं. अव्वानं त्यांच्याकडे बघितलं आणि पदरही सावरला नाही. मग अप्पांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला आणि कात्री बाहेर आली.

आता संपलं, असं मला वाटलं.

अप्पांनी गाठीच्या दोन्ही बाजूंची लोंबणारी सुताची टोकं धरली आणि गाठीला धक्का न लावता ती अगदी जवळून कापली. "शेपूट ठिवू न्हाय," ते अव्वाला म्हणाले. "चाकात गुतमळतंय." कात्री पुसून त्यांनी खिशात ठेवली.

मग ते उतार उतरून चालू लागले. मला कळेना, हे रागावून चालले का काय. पिठाच्या गिरणीपाशी पोचल्यावर ते वळले, धोतराचा काचा मारला आणि रस्त्याच्या मधोमध पाय फाकवून उभे राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडीत आता थांबवणारं काही राहिलंच नव्हतं.

अव्वानं मागून ढकललं.

उतार किती मोठा होता, मला सांगता येणार नाही. भेगा आल्या आणि गेल्या, मी सीटवरून उडाले आणि परत बसले, ते मागाचं लोखंड असं गडगडत सुटलं की पोरं भिंतीला चिकटली. कुणीही ओरडलं नाही. तोंडावर वारा होता. खाली अप्पा मोठे मोठे होत गेले, आणि मग त्यांनी दोन्ही हात पुढे करून गाडीचं तोंड छातीवर घेतलं आणि दोन पावलं मागं सरकत धापकन रस्त्यावर बसले.

मी उतरायला लागले, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. दम खाल्ला, उठले, गाडीची दोरी खांद्यावर घेतली आणि मला आत बसवून ती अवजड गाडी वाटेत तीनदा टेकत उतारभर वर ओढत आणली. वर आल्यावर त्यांनी वाकून गाठ तपासली. आणि परत खाली जाऊन उभे राहिले.